गाळप परवाना आणि गर्भपिशवी : साखर आयुक्तांना खुलं पत्र

प्रति,
मा. साखर आयुक्त, महाराष्ट्र राज्य,
साखर संकुल, शिवाजीनगर, पुणे.



मी ऊस लावते. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका सहकारी साखर कारखान्याची सभासद आहे. दिवाळीला सवलतीची साखर घेते, वार्षिक सभेला जाते आणि बिल लांबलं की चार लोकांसारखीच कुरकुरते. आपल्याकडे शेतकऱ्यांची पत्रं येतात ती बहुतेक एफआरपीची, म्हणजे उसाच्या रास्त दराची, काटामारीची, नाहीतर तोड वेळेवर येत नाही याची. हे पत्र ऊसतोड बायकांच्या गर्भपिशवीबद्दल आहे. आरोग्य खात्याचं पत्र चुकून इकडे आलं, असं आपल्या टपाल शाखेला वाटेल. पत्ता बरोबर आहे.

गेल्या हंगामातली एक वजन पावती माझ्यासमोर आहे. तिच्यावर माझं नाव, सभासद क्रमांक, गट नंबर, लागण की खोडवा, उसाची जात को 86032, वाहनाचा नंबर, भरलेलं वजन, रिकाम्या वाहनाचं वजन, निव्वळ वजन आणि तोडणी-वाहतूक ठेकेदाराचा कोड आहे. मोळ्या ज्या वाढ्यांनी बांधल्या त्यांचीसुद्धा वजावट धरली आहे. कुठल्या रानातला ऊस कधी काट्यावर चढला हे कारखान्याला मिनिटागणिक माहीत असतं. तो तोडला कुणी, याला त्या कागदावर रकाना नाही. उसाची जात नोंदवणारी व्यवस्था तोडणाऱ्या बाईचं नाव नोंदवत नाही, आणि पुढचं सगळं इथूनच सुरू होतं.

माझ्या रानात आलेली टोळी डोकी सेंटरची होती. म्हणजे तोडायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून वाहायच्या आणि ट्रकला लावलेल्या अरुंद फळीवरून चढून आत रचायच्या. नवरा कोयता चालवतो. बाई पाचट काढते, मोळी बांधते, उचलते, चढते. पहाटे अंधारात भाकऱ्या थापून ती फडात येते. ट्रक रात्री आला तर रात्री भरायचा, मग पोट किती महिन्यांचं आहे हे कुणी विचारत नाही. राहायला कोपी : बांबूच्या कमानी, वर चटई नाहीतर प्लास्टिक, वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. पाणी शेतकऱ्याने मोटर चालू केली तर. न्हाणी म्हणजे चार काठ्यांना गुंडाळलेली जुनी साडी. संडासाला उभा ऊस हाच आडोसा, आणि तोड जसजशी पुढे सरकते तसतसा तोही लांब जातो. म्हणून बाया दिवसभर पाणी कमी पितात. पाळीचं कापड धुवायला पाणी नसतं, वाळत घालायला जागा नसते. ओलसर कापड तसंच परत वापरलं जातं. मग अंगावरून पांढरं जाणं, लघवीला जळजळ, ओटीपोटात दुखणं. बाळंतपणानंतर महिन्याभरात मोळी उचलली की अंग बाहेर येतं.

असं झालं की दवाखान्यात का जात नाही, असं विचारणारे आम्हीच शहाणे असतो. उत्तर ठरलेलं आहे : खाडा पडतो. जोडीला मिळून एक कोयता धरतात. टोळी आणणाऱ्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कोयत्यावर, हिशेब कोयत्यावर आणि खाडाही कोयत्यावर. एकीला ताप आला, पाळीत उभं राहवेना, तरी जोडीचा दिवस बुडतो. बुडाल्या दिवसाची मजुरी तर जातेच, वर पाचशे, कुठे हजार रुपये उचलीच्या खात्यावर चढतात. जानेवारी 2024 च्या करारात तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढला आणि टनाला 366 रुपयांच्या घरात गेला, हे आपल्याला माझ्यापेक्षा नीट माहीत आहे. धडधाकट जोडी दिवसाला दीड-दोन टन तोडते. म्हणजे बाईच्या एका आजारी दिवसाची किंमत दोघांच्या जवळजवळ दोन दिवसांच्या कमाईइतकी होते. तिची मजुरी मात्र वेगळी कुठेच दिसत नाही. दिसतो तो फक्त तिचा खाडा.

हंगाम संपतो, पट्टा पडतो, टोळी गावी जाते. पाच-सहा महिने अंगावर काढलेलं दुखणं घेऊन ती तालुक्याच्या गावी खासगी दवाखान्यात जाते. सोनोग्राफी होते. पिशवीला सूज आहे, पुढे कॅन्सर होईल, काढून टाकलेली बरी, असं तिला सांगितलं जातं. गोळ्या-औषधांचा दीर्घ उपचार तिला परवडणारा नसतो, कारण पुढचा हंगाम तोंडावर असतो आणि फडात औषध चालू ठेवायची सोय नसते. दोन-तीन मुलं झालेली असतात, कारण लग्नच कोवळ्या वयात झालेलं असतं. लग्न झालं की नवा कोयता तयार होतो, उचल वाढते. मग तीस-पस्तीस हजार मुकादमाकडूनच घेऊन ती पिशवी काढून येते. पाळी गेली, खाडा गेला. कमरेचं दुखणं, अंगाची आग, ठिसूळ होत जाणारी हाडं आणि वाढलेली उचल तेवढी मागे राहते.

हा निर्णय कुणी घेतला? डॉक्टरने, नवऱ्याने, मुकादमाने की तिने, यावर आपल्याकडे बराच वाद झाला. माझं मत विचाराल तर हा निर्णय हिशेबाच्या पद्धतीने घेतला. जिथे आजारपणाला दंड आहे तिथे माणसं आजाराचा अवयवच काढून टाकतील, यात अडाणीपणा कमी आणि गणित जास्त आहे.

जून 2019 मध्ये विधान परिषदेत सरकारने सांगितलं की बीड जिल्ह्यात तीन वर्षांत 4,605 गर्भपिशव्या काढल्या गेल्या. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यात 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. शंभरात जवळपास सतरा. देशपातळीवरच्या कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या बायकांत हेच प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे. दोन पाहण्यांची रीत वेगळी, वयोगट वेगळे, हे मला कळतं. तरीही तीन आणि सतरा यांतलं अंतर रीतीच्या फरकाने भरून निघत नाही. 2025 च्या उन्हाळ्यात वर्तमानपत्रांनी बीडच्याच आरोग्य तपासणीचे आकडे छापले : पिशवी काढलेल्या 843 आणि गरोदरपणी तोडीला गेलेल्या 1,523. मधल्या सहा वर्षांत समिती झाली, अहवाल झाला, बातम्या पार अमेरिकेतल्या न्यूयॉर्क टाइम्सपर्यंत गेल्या.

काहीच झालं नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. बीडमध्ये खासगी रुग्णालयाला गर्भपिशवीच्या शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणं बंधनकारक झालं. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने 2022 मध्ये अनावश्यक शस्त्रक्रिया टाळण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, जिल्हा, राज्य आणि देश पातळीवर देखरेख समित्या सुचवल्या. राजस्थानातल्या दौसा जिल्ह्यातल्या अशाच शस्त्रक्रियांचा माग काढणाऱ्या डॉ. नरेंद्र गुप्ता यांच्या याचिकेवर 5 एप्रिल 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. सगळ्या राज्यांनी तीन महिन्यांत त्या सूचना लागू कराव्यात आणि बाईच्या पुरत्या संमतीशिवाय शस्त्रक्रिया करणाऱ्या रुग्णालयांना काळ्या यादीत टाकावं, असं त्यात आहे. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने वर्तमानपत्रातल्या एका लेखावरून ऊसतोड कामगारांच्या हलाखीची स्वतःहून दखल घेतली.

पण हे सगळे उपाय शस्त्रक्रियेच्या टेबलाजवळ उभे आहेत. बाई तिथवर का आली, हे विचारायला तिथे कुणाला सवड नाही. शल्यचिकित्सकांच्या परवानगीचा नियम चांगलाच आहे, मात्र त्याला दुसरी बाजूही आहे. जिला खरोखर शस्त्रक्रियेची गरज आहे तिला जिल्ह्याच्या गावी हेलपाटे पडतात, आणि बीडची शीव ओलांडली की शेजारच्या जिल्ह्यात तो नियम आडवा येईलच असं नाही. डॉक्टरांवर लगाम घालून फडातलं पाणी वाढत नाही, खाडा बंद होत नाही. आरोग्य खात्याचा कायदा दवाखान्यावर चालतो. कारखान्यावर चालतो तो आपला.

म्हणून आपल्याला पत्र. कारखान्याचं धुराडं आपल्या परवान्याशिवाय पेटत नाही. 1984 च्या राज्याच्या आदेशाने गाळपाचा परवाना आपल्या हातात दिला. विनापरवाना गाळप केलं तर टनामागे दंड बसतो. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाने ऊस गेल्यापासून 14 दिवसांत मला पैसे मिळायला हवेत, नाहीतर 15 टक्के व्याज. ते थकले तर आपण महसुली वसुलीचा दाखला काढता, जिल्हाधिकारी साखरेच्या पोत्यांवर जप्ती आणू शकतात. 2021 मध्ये तर आपल्या कार्यालयाने एफआरपी थकवणाऱ्या कारखान्यांची लाल खुणेची यादीच जाहीर केली. आमच्या गावच्या पारावर ती मोबाइलवरून मोबाइलवर फिरली आणि ऊस कुठे घालायचा यावर आठवडाभर चर्चा झाली. कायद्याने कारखाना हलतो, हे मी शेतकरी म्हणून अनुभवलं आहे. अर्थात तो आपोआप हलला नाही. ऊस परिषदा झाल्या, रस्ते अडले, आपल्या साखर संकुलासमोर माणसं बसली, तेव्हा हलला. तोडणाऱ्या बाईला साखर संकुल कुठे आहे हे माहीत नाही, आणि माहीत असून उपयोग नाही, कारण तिथे यायचं तर खाडा पडेल.

परवान्यात ऊसतोड बायकांच्या सोयीच्या अटी बसतच नाहीत, असं आपल्या विधी शाखेने लिहून देऊ नये म्हणून एक आठवण करून देते. 2025-26 च्या हंगामाला मंत्री समितीने टनामागे 10 रुपये मुख्यमंत्री सहायता निधीला आणि 5 रुपये पूरग्रस्तांना द्यायचं ठरवलं. पूर मराठवाड्यात आला होता, मदत द्यायलाच हवी होती, माझी तक्रार नाही. एवढंच दिसलं की परवाना आणि टन हे माप सरकारला हवं तेव्हा, हव्या त्या सार्वजनिक कामासाठी चालतं. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठीही टनाला 10 रुपये ठरलेलेच आहेत, आणि तेवढेच सरकारने घालायचे आहेत. 2021-22 च्या हंगामात राज्यात 13 कोटी टनांहून जास्त ऊस गाळला गेला. तसा हंगाम धरला तर कारखान्यांचेच 130 कोटींच्या वर होतात. प्रत्येक कोपीच्या वस्तीवर पाण्याची टाकी आणि फिरता संडास उभा करायला पैसा नाही, असं या हिशेबानंतर कुणी म्हणू नये.

महाराष्ट्राला हे कायद्याचं काम नवीन नाही. 'हमालाचा मालक कोण?' हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या बाजारात असाच टोलवला जायचा. व्यापारी म्हणायचा टोळीवाल्याला विचारा, टोळीवाला म्हणायचा व्यापाऱ्याला. अण्णासाहेब पाटील, बाबा आढाव यांच्यासारख्यांनी संघटना बांधल्या आणि 1969 मध्ये माथाडी कायदा झाला. त्याने मालक शोधायचा नाद सोडला. माल ज्याचा, त्याने मंडळात नोंद करायची, मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरायची, मंडळाने हमालाच्या नावावर पैसे, भविष्यनिर्वाह निधी आणि औषधोपचार द्यायचे. एका हमालाचे दहा मालक असले तरी कायद्याचं अडत नाही. ऊसतोडीत नेमकं तेच दुखणं आहे. कारखाना म्हणतो, माझा करार ट्रक मालकाशी आहे. ट्रक मालक म्हणतो, मी मुकादमाला पैसे दिले. मुकादम म्हणतो, मी कारखान्याचा माणूस. माझ्या बिलातून तोडणी-वाहतुकीचे पैसे कापले जातात, त्यामुळे खरं तर त्या मजुरीचे पैसे माझ्या खिशातून जातात, पण मालक मीही नाही. एवढे सगळे पैसे देणारे आणि जबाबदार कुणीच नाही.

त्याच कारखान्यात गेटच्या आत बघा. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या बाईला बाळंतपणाची 26 आठवड्यांची पगारी रजा आहे. कामगाराला दंड करायचा तर त्या पगारकाळातल्या वेतनाच्या 3 टक्क्यांवर जाता येत नाही, ही मर्यादा 1936 च्या वेतन कायद्यात होती आणि नव्या वेतन संहितेतही आहे. गेटच्या बाहेर, त्याच कारखान्याच्या गव्हाणीत पडणारा ऊस तोडणाऱ्या बाईला एका दिवसाच्या आजारपणाची किंमत दोन दिवसांच्या कमाईइतकी. आरोग्यातली विषमता म्हणजे काय, हे समजून घ्यायला मला अहवाल वाचावा लागत नाही. कारखान्याच्या गेटवर उभं राहिलं की दोन्हीकडे दिसतं.

अजून एक विचित्र गोष्ट. बीडची बाई बेळगावच्या कारखान्याला गेली तर ती आंतरराज्य स्थलांतरित कामगार. 1979 च्या कायद्याने तिला राहायला जागा आणि फुकट औषधपाणी ठेकेदाराने द्यायचं, असं निदान कागदावर तरी होतं. तीच बाई कोल्हापूरला गेली तर त्या कायद्यात बसत नाही, कारण राज्याची शीव ओलांडली नाही. तो कायदा आता 2020 च्या संहितेत गेला, पण व्याख्या दुसऱ्या राज्यातून येण्याचीच राहिली. बीड ते कोल्हापूर अंतर तीनशे किलोमीटरच्या वर भरेल, पण कायद्याच्या लेखी ती घरीच आहे. ही फट दिल्लीला बुजवायची नसेल तर राज्याने बुजवावी, आणि तोवर आपण परवान्याने बुजवू शकता.

आता अडचणी. कारखानदार म्हणतील, सहकार आधीच कर्जात बुडालाय, अजून बोजा नको. हे ऐकून मी वार्षिक सभेत नेहमी गप्प बसते, कारण ताळेबंद मलाही दिसतो. पण हार्वेस्टर घ्यायला 40 टक्के, जास्तीत जास्त 35 लाख रुपये अनुदानाची योजना सरकारने आणली, तेव्हा यंत्राला सावली आणि देखभाल लागते हे सगळ्यांना लगेच पटलं. पुढे सगळीकडे हार्वेस्टरच येणार, मग हा प्रश्नच राहणार नाही, असंही सांगतात. माझं रान दीड एकराचं, बांध वाकडे, चार फुटांची सरी. यंत्र तिथे वळत नाही. अशी रानं राज्यात लाखांनी आहेत. ती टोळ्याच तोडणार, आणि त्या टोळ्यांत बायकाच मोळ्या बांधणार.

मुकादमाला तुरुंगात टाका म्हणणारेही आहेत. उचलीच्या बेडीला 1976 चा वेठबिगार निर्मूलन कायदा लागतो, असा त्यांचा युक्तिवाद, आणि काही प्रकरणांत तो खराही असेल. मला तो मार्ग अपुरा वाटतो. मुकादमही बहुतेक कालचा तोडकरीच असतो. त्याच्यावर कारखान्याची वसुली, खाली टोळी पळून जायची धास्ती. त्याला एकट्याला पकडून वरची साखळी सुटून जाते.

मी मागते ते त्यापेक्षा रुक्ष आहे. परवान्याच्या अर्जासोबत कारखान्याने तोडणी कामगारांची यादी द्यावी, आणि त्या यादीत बाई स्वतंत्र ओळीवर असावी : तिचं नाव, वय, बँक खातं. कोयत्याचा निम्मा भाग म्हणून नव्हे. अठरा वर्षांखालचं नाव यादीत बसणारच नाही, आणि मग कोवळ्या वयात लग्न लावून कोयता वाढवण्यातला फायदाही कमी होईल. यादी आली की विमा, बाळंतपणाची मदत, रेशन, लसीकरण यांना धरायला काहीतरी सापडतं. आज आरोग्यसेविका वस्तीवर गेली तर तिला कुणाला शोधायचं हेच माहीत नसतं; ज्या गावची नोंद त्या गावी बाई नाही, आणि ज्या गावी बाई आहे तिथे नोंद नाही.

तोडणी-वाहतूक कराराचा नमुना तर आपल्या एका परिपत्रकाने बदलता येईल. त्यात एक कलम हवं की आजारपण, पाळी, गरोदरपण आणि बाळंतपण यांसाठी खाडा धरला जाणार नाही, आणि धरला तर तो ठेकेदाराच्या कमिशनमधून वजा होईल. 2024 च्या वाटाघाटीत दर आणि मुकादमाचं कमिशन यांचे आकडे मथळ्यांत आले. या कलमाला तेवढीही जागा मिळाली नाही. दर वाढला याचा मला आनंदच आहे. पण खाडा कायम ठेवून वाढवलेला दर बाईच्या आजारपणात परत कारखान्याच्याच बाजूला जातो.

वस्तीवर पिण्याचं पाणी, न्हाणी, संडास, रात्री उजेड. रोजगार हमीच्या कामावर सावली, पाणी आणि लहान मुलांना सांभाळायची सोय असावी, हे या राज्याने 1970 च्या दशकातच कायद्यात मानलं. खडी फोडणाऱ्या बाईला तेव्हा जे द्यायला हवं वाटलं, ते ऊस तोडणाऱ्या बाईला आज द्यायला एवढी चर्चा कशाला?

आणि तपासणी. हंगामाआधी गावी आणि हंगामाच्या मध्यावर फडाजवळ. आरोग्यपत्रिका बाईच्या हातात, जी दोन्हीकडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात चालेल. तपासणीचा दिवस हजेरीचा दिवस धरावा. तसं केलं नाही तर तपासणीला येतील त्या फक्त आधीच अंथरुणाला खिळलेल्या बाया. हे काम आरोग्य खात्याचं आहे, पण तो दिवस हजेरीचा धरायचा हुकूम आरोग्य खातं मुकादमाला देऊ शकत नाही. आपण देऊ शकता.

यातलं काही परिपत्रकाने होईल, काहीसाठी 1984 च्या आदेशात दुरुस्ती लागेल. ती दुरुस्ती मंत्रालयात कुणाच्या टेबलावर सुरू होत नाही, तिचा प्रस्ताव आपल्याच कार्यालयातून जातो. माथाडीसारखा वेगळा कायदा झाला तर फारच चांगलं. मात्र त्याची वाट पाहत हे अडवून ठेवू नये. आणि अटी पाळल्या की नाही हे कारखान्याच्या शेतकी अधिकाऱ्याच्या सहीवर ठरवू नका. तो भला माणूस असला तरी त्याची नोकरी कारखान्यात आहे. वस्तीवर जाऊन पाहणाऱ्या समितीत ऊसतोड बाया असाव्यात, त्यांना त्या दिवसाची मजुरी मिळावी आणि अहवाल एफआरपीच्या यादीसारखाच जाहीर व्हावा. कोणत्या कारखान्याने महामंडळाचे 10 रुपये भरले, कोणत्या वस्तीवर संडास आहे, कुठे नाही. लाल खुणा करायचं कसब आपल्याकडे आहेच. मी ऊस कुठे घालायचा हे त्या यादीवरूनही ठरवेन, आणि अशी मी एकटी नसेन.

वेळेबद्दल एक सांगते, कारण इथेच चांगले हुकूम वाया जातात. परवाने ऑक्टोबर-नोव्हेंबरात निघतात, पण मुकादम उचल वाटायला लागतात पावसाळ्याच्या तोंडाशी. एकदा उचल घेतली की जोडीचं बोलणं संपतं. मग खाड्याचा दर काय, राहायची सोय काय, हे विचारायची सोय उरत नाही. अटी मे महिन्यापर्यंत जाहीर झाल्या तर त्या वाटाघाटीत येतील. ऑक्टोबरात काढलेलं परिपत्रक त्या हंगामापुरतं फायलीत राहील.

या पत्राचं उत्तर जाहीर द्यावं, ही विनंती. कारखान्यामार्फत पाठवू नये. तिकडून आलेली पत्रं आमच्यापर्यंत पोचायला बिलाइतकाच वेळ लागतो.

कळावे,

आपली,
एक ऊस उत्पादक सभासद